एकच कॅमेरा, एकच लेन्स आणि भाज्याची वाट

आमच्या चिंचवडच्या घरात भिंतीवर सासूबाईंचा जो फोटो आहे, तो त्यांच्या आधार कार्डावरून मोठा करून घेतलेला आहे. २०२० च्या सप्टेंबरात कोरोनाने त्या गेल्या. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम घरातल्या घरात, पाच-सहा माणसांत उरकायचा होता. त्यासाठी फोटो शोधू लागलो तेव्हा आमच्या ध्यानात आले की फोनमध्ये फोटो हजारभर आहेत, पण त्यांत सासूबाई जवळजवळ नाहीतच. वाढदिवसाचे केक आहेत, मुलांची प्रमाणपत्रे आहेत, विजेचे बिल आहे, कोणाकोणाच्या लग्नातली पंगत आहे. सासूबाई एका फोटोत दाराआड अर्ध्या, एकात पाठमोऱ्या भाकरी थापताना, आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीच्या फोटोत गर्दीत टाचणीच्या डोक्याएवढ्या. ज्या जुन्या फोनमध्ये त्यांचे दोन-चार बरे फोटो होते, तो आम्ही मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी बदलून नवा घेतला होता. फोटो काढून ठेवायचे राहून गेले. शेवटी आधार कार्ड. स्टुडिओवाल्याने जमेल तेवढे केले, पण त्या फोटोत सासूबाई रागावलेल्या दिसतात. त्या रागावत नसत असे नाही, पण अशा रागावत नसत.

सासूबाई १९७२ च्या दुष्काळात तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातून पिंपरीला आल्या. खडी फोडली, मग एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला लागल्या आणि गुडघे धरेपर्यंत तेच काम केले. त्यांची एक इच्छा होती, भाज्याची लेणी पाहायची. चिंचवडहून लोकलने मळवली गाठायला तासाभराच्या आतबाहेर वेळ लागतो, अंतर चाळीस किलोमीटरच्या आत. तरी अठ्ठेचाळीस वर्षांत जाणे झाले नाही. ज्यांनी या पट्ट्यात नोकरी केली आहे त्यांना कारण सांगावे लागणार नाही. इथल्या कारखान्यांना सुट्टी गुरुवारी, मुलांच्या शाळेला रविवारी. ह्यांची सुट्टी आणि मुलांची सुट्टी एका दिवशी येणार ती दिवाळीत, आणि दिवाळीत गावाला जायचे. पुढच्या वर्षी जाऊ, असे आम्ही इतक्या वेळा म्हणालो की सासूबाईंनी विचारणेच सोडून दिले.

२५ मार्च २०२० ला टाळेबंदी सुरू झाली आणि आमच्या रस्त्यावरून पहाटे जाणाऱ्या कंपन्यांच्या बसगाड्या एकदम थांबल्या. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर, जिथे मुले खेळत, तिथे पुढे जम्बो कोविड केंद्र उभे राहिले. लेण्यांनाही कुलूप लागले. पुरातत्त्व खात्याने मार्च २०२० मध्ये देशभरची स्मारके बंद केली, आणि दुसऱ्या लाटेत एप्रिल ते जून २०२१ पुन्हा बंद ठेवली. त्या काळात आम्ही कुठे गेलो नाही आणि जाण्याचे मनही झाले नाही. २ एप्रिल २०२२ ला, गुढी पाडव्याच्या दिवशी, राज्यातले निर्बंध उठले. त्या रात्री जेवताना ह्यांनीच विषय काढला : आता दर दोन-तीन महिन्यांनी कुठे तरी जायचे, जवळच जायचे, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांपैकी जे कोणी उरले आहेत त्यांना घेऊन जायचे. आणि एक कॅमेरा घ्यायचा.

कॅमेरा म्हटल्यावर घरात दोन तट पडले. धाकट्याचे म्हणणे, कॅमेरा कशाला, फोन आहे की. थोरली पॉलिटेक्निकला आहे. तिला मोठी झूम लेन्स हवी होती, डोंगरावरून खालचे गाव जवळ दिसेल अशी. नणंदेच्या यजमानांनी तर त्यांची ७० ते ३०० मिलिमीटरची लेन्स देऊ केली, फुकट. भाऊजींचे मन मोठे आहे. पण ती लेन्स आम्ही घरी आणून पाहिली आणि आमची दहा बाय बाराची खोली तिला पुरेना. तिला समोरचा माणूस निदान साडेतीन फुटांवर लागतो, आणि तेवढ्यावरून नुसते नाकडोळेच दिसतात. माणूस बसलेला, त्याच्या हातातला चहा आणि मागची भिंत दिसायची तर आम्हाला जिन्यात जाऊन उभे राहावे लागले असते.

ह्यांचे काम चाकणला एका कंपनीत, तपासणी विभागात. दिवसभर हातात व्हर्नियर. त्यामुळे लेन्सवरचे आकडे आम्हाला समजले ते ह्यांच्या पद्धतीने, आणि ते इथे सांगतो, कारण दुकानात कोणी असे सांगत नाही. लेन्सवर ‘३५ मिलिमीटर, १.८’ असे लिहिलेले असते. त्यातला दुसरा आकडा म्हणजे एक साधा भागाकार आहे. ३५ ला १.८ ने भागले की १९.४ येते. लेन्स पुरती उघडली म्हणजे उजेड आत यायचे भोक जवळजवळ साडेएकोणीस मिलिमीटरचे. कॅमेऱ्याबरोबर जी १८ ते ५५ ची साधी झूम लेन्स येते, ती ३५ वर आणली की साधारण ४.५ वर असते. ३५ भागिले ४.५, म्हणजे पावणेआठ मिलिमीटरचे भोक. व्यास अडीच पटीने कमी, म्हणजे क्षेत्रफळ सहा पटीने कमी. म्हणून आकडा लहान तेवढे भोक मोठे. एकाच वेळात एक लेन्स सहा लोटे उजेड घेते आणि दुसरी एक लोटा. उन्हात याने काही बिघडत नाही. पण आमची माणसे उन्हात असतात कधी? ती स्वयंपाकघरात, चाळीच्या बोळात, विहारात संध्याकाळच्या वंदनेला, रात्रपाळीच्या चहाच्या टपरीवर, आणि लेण्यात.

झूमवर थोरलीने एक रात्र वाद घातला. तिचा मुद्दा खोटा नव्हता. झूम असली की जागचे न हलता फोटो निघतो. पण आमच्या फोनमधले फोटो दुरूनच काढलेले होते, आणि त्याचा परिणाम भिंतीवर लटकलेला होता. ह्यांनी एवढेच विचारले की खालचे गाव जवळ आणायचे आहे की आजी. मग ती गप्प झाली. खरे सांगायचे तर आमच्या घराला एका लेन्सची सवय जुनीच आहे. सासऱ्यांच्या काळी शेजाऱ्यांकडे आग्फाचा ‘क्लिक ३’ होता, एका रोलमध्ये बारा फोटो. पुढे ‘हॉट शॉट’ आला, आमच्या लग्नात कोडॅकचा ‘केबी १०’ होता. यांपैकी कशालाही लेन्स बदलायची सोय नव्हती. माणूस मोठा हवा तर पुढे व्हा, सगळे कुटुंब हवे तर मागे सरा. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे तर जगातले नाणावलेले छायाचित्रकार; त्यांनीही आयुष्यातले बहुतेक काम ५० मिलिमीटरच्या लेन्सवर केले. त्यांचा कॅमेरा जुन्या फिल्मचा, ३६ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीचा. आपल्या आवाक्यातल्या डिजिटल कॅमेऱ्यांत ती चौकट लहान, साधारण २३.५ बाय १५.६ ची असते. म्हणून त्यांवर ३५ ची लेन्स लावली की जवळपास त्या जुन्या ५० इतकेच दिसते.

फोनबद्दलही प्रामाणिकपणे लिहायला हवे. उन्हात, आणि सगळा डोंगर किंवा सगळी मंडळी एका फोटोत घ्यायची असतील तेव्हा, फोन चांगला. आजही आम्ही तेवढ्यासाठी तोच वापरतो. पण अंधारात हलणाऱ्या माणसाचा फोटो आमच्या फोनवर पुसट येतो, आणि फोन बदलला, पाण्यात पडला, चोरीला गेला की त्यातले सगळे जाते. ज्यांच्या घरी यंदा फी भरायची आहे किंवा औषधपाणी चालू आहे, त्यांनी कॅमेऱ्याच्या मागे लागू नये. फोनची काच पदराने स्वच्छ पुसावी, माणसाजवळ जावे, आणि महिन्याला चार फोटो तरी कागदावर छापून घ्यावेत.

आम्ही घेतला तो जुना, वापरलेला. आता लोक नव्या, आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांकडे वळले आहेत, त्यामुळे आरशाचे कॅमेरे बाजारात स्वस्त मिळतात. निकॉनचा डी ३५००, २०१८ सालचा, नंतर कंपनीने बंद केलेला. बॅटरीसकट ४१५ ग्रॅम, त्यावर ३५ ची लेन्स २०० ग्रॅम. म्हणजे सव्वासहाशे ग्रॅमच्या आत सगळे. एकदा चार्ज केले की दीड हजाराच्या आसपास फोटो निघतात असे कंपनी सांगते, तेव्हा वेगळी बॅटरी लागली नाही. बरोबर मिळत असलेली झूम लेन्स आम्ही घेतली नाही, तेवढे पैसे कमी करून घेतले. सगळे मिळून पंचवीस हजारांच्या जवळ गेले. दिवाळीचा बोनस आणि भिशीचा एक हप्ता.

घेताना एक चूक होता होता राहिली. दुकानात ५० मिलिमीटरची एक जुनी लेन्स निम्म्या किमतीला दाखवली, तीही १.८ ची. घेणारच होतो. थोरलीने कॅमेऱ्यावर लावून पाहिली तर फोकस आपोआप होईना. त्या जातीच्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, ती कॅमेऱ्यात असावी लागते, आणि डी ३५०० सारख्या साध्या कॅमेऱ्यांत ती दिलेली नाही. दुसरे, लेन्सच्या मागून टॉर्च मारून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा धाग्यासारखे दिसले तर ती बुरशी, ती लेन्स सोडून द्यावी. आमच्या मावळाच्या पावसात हा रोग फार. तिसरे, कॅमेऱ्याने आजवर किती फोटो काढले हा आकडा निकॉनच्या फोटोच्या माहितीत लपलेला असतो, तो काढून पाहावा. आमच्याने अकरा हजारांच्या आत काढले होते. असे कॅमेरे लाखाच्या आसपास धरतात म्हणतात. घरी कॅमेरा आम्ही झाकण घट्ट बसणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवतो, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. सुट्या भागांच्या पॅकिंगमध्ये त्या पुड्या येतात आणि भंगारात जातात. ह्यांनी सुपरवायझरला विचारून मूठभर आणल्या. निळे दाणे गुलाबी झाले की दमट झाले असे समजावे. ते गरम करून पुन्हा निळे होतात, पण त्यासाठी स्वयंपाकाचा तवा वापरू नये. ते खाण्याच्या भांड्याला लागू देण्याजोगे नाहीत.

पहिले फोटो चाकणचे निघाले. कंपनीच्या आत कॅमेरा नेणे शक्यच नाही. फाटकावर फोनच्या कॅमेऱ्यावरसुद्धा स्टिकर चिकटवतात. म्हणून फाटकापासून लांब, चहाच्या टपरीवर. ह्यांच्याबरोबर कंत्राटावर काम करणारा बिहारकडचा एक मुलगा आहे. २०२० च्या मे महिन्यात तो मिळेल त्या वाहनाने आणि बरेचसे पायी घरी गेला होता, वर्षभराने परत आला. त्याच्या आईला त्याचा फोटो हवा होता, नोकरीवरचा. मशीनजवळचा काढता येत नाही म्हटल्यावर तो हिरमुसला. मग टपरीच्या ट्यूबलाइटखाली, गणवेशात, हातात चहाचा ग्लास. ह्यांनी तीन फुटांवरून काढला. मागे नाशिक रस्त्यावरच्या ट्रकचे दिवे पसरून गोल गोल झाले आहेत आणि पोराचा चेहरा लख्ख. पोस्टाने पाठवलेला फोटो घरी पोचल्यावर आईने शेजारच्या फोनवरून विचारले म्हणे, की तू बारीक का झालास.

त्या वर्षी २५ डिसेंबर रविवारी आला. बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना देहूरोडला १९५४ मध्ये याच तारखेला स्वतः केली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. मुलांना घेऊन आम्ही दुपारी गेलो, हे पहिली पाळी संपवून मागून आले. इथे लेन्सची उणीव कळली. स्टेजवरचे वक्ते लांब, ते मुंगीएवढे आले; थोरली ‘मी सांगत होते’ म्हणाली, आणि तिचे बरोबर होते. पण जमिनीवर सतरंजी टाकून बसलेल्या, डबे सोडलेल्या बायाबापड्यांत ती बसली, चार शब्द बोलली, मग विचारून फोटो काढले. काहींच्या तोंडावर अजून मास्क होता. एका आजीने फोटोपुरता तो काढला आणि लगेच पुन्हा लावला.

आणि मग भाजे. २६ जानेवारी २०२३ गुरुवारी आला. ह्यांना सुट्टी, मुलांचे झेंडावंदन उरकले की मुलांनाही सुट्टी. सासूबाईंची धाकटी बहीण, आमच्या मावशी, दापोडीला असतात. त्या आदल्या रात्रीच मुक्कामाला आल्या. वय सत्तरच्या पुढे. कोरोनात त्याही पंधरा दिवस ऑक्सिजनवर होत्या.

लोकल आकुर्डी, देहूरोड, बेगडेवाडी करीत निघाली. डाव्या-उजव्या हाताला कारखान्यांच्या भिंती, मग घोरावडीपाशी शेलारवाडीचा डोंगर दिसला. त्याच्या पोटातही लेणी आहेत, आणि आमच्या डब्यातली निम्मी माणसे रोज त्याच्याकडे पाठ करून बसतात. आम्हीही बसत होतो. तळेगाव सुटले की शेते लागतात. एका वडापावच्या किमतीत एका माणसाचा प्रवास होतो, आणि तरी आम्हाला पन्नास वर्षे लागली.

मळवलीला उतरून एक्सप्रेस वेवरचा पूल ओलांडला की भाजे गाव. गावातून वर पायऱ्या. मावशी तीनदा बसल्या. प्रत्येक वेळी ‘तुम्ही व्हा पुढं’ म्हणाल्या आणि प्रत्येक वेळी आम्हीही बसलो. वर तिकीट काढले आणि आत गेलो. लेणी बावीस. त्यांतले मुख्य चैत्यगृह पुढून पुरते उघडे आहे, कारण तिथला दर्शनी भाग लाकडाचा होता तो केव्हाच गेला. पण आत छताला लाकडी कमानी अजून आहेत. दोन हजार वर्षांहून जुने लाकूड! ह्यांनी मान वर करून पाहिले आणि बराच वेळ खाली केलीच नाही. खांब किंचित आत कललेले आहेत, लाकडी बांधकामात टेकू द्यावा तसे. दगडाला तशी गरज नाही. सुतारकामाची सवय पाथरवटाच्या हातात राहिली असे ह्यांचे मत पडले.

आम्ही मुद्दाम दुपार धरून गेलो होतो. लेणे पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे दुपार कलली की ऊन समोरून आत शिरते. तरी मागे स्तूपापाशी अंधारच. फ्लॅश आम्ही मारत नाही. त्याने दगड पांढरा सपाट होतो, आणि तिथे शांत बसलेल्या माणसाच्या डोळ्यावर झोत जातो. तिपाई लावायची तर पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. म्हणून हातातच. लेन्स दोनवर उघडली, संवेदनशीलता १६०० केली, कोपरे पोटाशी धरले आणि श्वास रोखून दाबले. कमानींच्या फासळ्या एकेक मोजता येतील असा फोटो आला. सबंध चैत्यगृह मात्र या लेन्समध्ये मावत नाही, बाहेर कठड्यापर्यंत मागे सरलो तरी नाही; तो फोटो धाकट्याने फोनवर काढला आणि दिवसभर त्याची आठवण करून देत राहिला.

चैत्यगृहाच्या पुढे गेल्यावर चौदा स्तूपांचा एक समूह आहे. पाच खडकाच्या आडोशाला आत, नऊ बाहेर. लहान-मोठे, जवळजवळ उभे, घरातली माणसे एकत्र उभी राहावीत तसे. इथे राहून गेलेल्या थेरांच्या स्मरणाचे हे स्तूप. काहींवर नावे कोरलेली आहेत. अंपिणक, धम्मगिरी, संघदिन अशी नावे वाचली गेली आहेत. थोरलीने हे मावशींना समजावून सांगितले. मावशींनी विचारले, ‘म्हंजे गेलेल्या भन्तेंचे?’

‘हो, आजी.’

‘तोंड नाही काढलं कुणाचं?’

‘नाही. नुसतं नाव.’

मावशी कातळाच्या कडेला टेकल्या. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग आमच्याकडे न पाहता म्हणाल्या, ‘आक्काला आणायचं होतं रं.’ ह्यांनी मान खाली घातली. उत्तर कोणाजवळच नव्हते. थोरली तीन-साडेतीन फुटांवर उकिडवी बसली होती, कॅमेरा तिच्या हातात होता. तिने एकच फोटो काढला. काढावा की नाही याबद्दल आमच्यात अजूनही मतभेद आहे. तिच्या वडिलांना तो क्षण तसाच सोडायला हवा होता असे वाटते.

फोटोत मावशी समोर पाहत नाहीत. पदर खांद्यावरून घसरला आहे, हात गुडघ्यावर, पश्चिमेचे ऊन गालावर. मागचे स्तूप किंचित पुसट पण ओळखू येतात. दूरच्या झूमने हा फोटो निघाला नसता असे आम्ही म्हणत नाही. निघाला असता, पण फोटो काढणारी पोर मावशींच्या जवळ नसती. तिथे ती होती, आणि फोटो काढून झाल्यावर मावशींचा हात धरायला तिला एक पाऊलही टाकावे लागले नाही.

नंतर आम्ही कार्ल्यालाही गेलो. भारतातले सर्वांत मोठे चैत्यगृह, त्याबद्दल पुष्कळांनी लिहिले आहे. ह्यांना तिथे एकच गोष्ट पाहायची होती. दाराजवळच्या लेखांत धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराचा उल्लेख आहे, त्याने दार केले असा. देणाऱ्यांची नावे पुष्कळ लेण्यांत असतात. हाताने करणाऱ्याचे नाव पाहिले की कामगार माणूस थांबतो. लेख कुठे आहे ते एका जाणकाराने दाखवले. ३५ ची लेन्स फूटभर अंतरावरूनही फोकस धरते, त्यामुळे अक्षरे स्वच्छ आली. तो फोटो ह्यांनी छापून जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवला आणि चाकणला टपरीवर सगळ्यांना दाखवला.

छपाईबद्दल दोन शब्द. सहलीहून आलो की आठवड्याच्या आत दहा फोटो निवडतो आणि चिंचवडच्या स्टुडिओत छापून घेतो. सगळे फोटो दोन ठिकाणी उतरवून ठेवतो, एक संच नणंदेकडे असतो. प्रत्येक छापील फोटोच्या पाठीमागे तारीख आणि ठिकाण पेन्सिलीने लिहितो.

मावशींचा फोटो आठ बाय बाराचा करून दापोडीला नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून, दारात उजेडात नेऊन पाहिला. पहिले वाक्य अपेक्षेप्रमाणे आले : ‘पदर तरी नीट घे म्हणायचं.’ मग पुन्हा पाहिला आणि अजून एक प्रत मागितली. कशाला म्हणून विचारले तर म्हणाल्या, ‘आक्काशेजारी लाव. ती तिथं एकटीच रागावून बसलीया.’ जिवंत माणसाचा फोटो गेलेल्यांशेजारी लावू नये असे शेजारणी म्हणाल्या. मावशींना ते सांगितले तर त्या हसल्या.

दुसरी प्रत आणली आणि ह्यांनी स्वतः खिळा ठोकला.